हाक मारणारा डिमर

चौकोनी पांढरं अंग, मधोमध तपकिरी गोल बटण आणि पाठीमागे आता कुठेच न जाणाऱ्या दोन तारा. मित्रांनो, असा मी एक जुना डिमर आहे. दिवा मोठा-बारीक करणं हे माझं काम. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला पाहिलंही नसेल. आजकाल दिवे म्हणे मोबाइलवरून मंद होतात. मी आपला हाताने फिरवायचा. तीस वर्षं मी घाटकोपरला, पंतनगरमधल्या एका दोन खोल्यांच्या घराच्या भिंतीत काढली. आता मी खिडकीत, चष्म्याच्या डबीशेजारी पडलेला असतो. माझी गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सगळं गोड होईल म्हणून वाट पाहत बसू नका.

माझा जन्म मरोळचा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत हर्षदभाई नावाच्या मालकाचा एक लहानसा कारखाना होता. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना आठ बायका बसायच्या. त्यांच्या हातात सोल्डरिंगच्या तापलेल्या कांड्या असायच्या आणि गाळ्यात दिवसभर त्यांच्या धुराचा वास भरून राहायचा. खिडकीकडून तिसरी बसायची ती वनमाला. माझ्या पोटातली एकूण एक तार तिने जोडली. तिने मला घडवलं, म्हणून मी तिला एकेरीतच म्हणतो, आईला म्हणतात तसं. सगळं जोडून झालं की ती माझ्यासारख्या प्रत्येकाच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर बारीक इंग्रजी अक्षरात छापलेलं असायचं, साठ ते चारशे वॅट. ही चिठ्ठी लक्षात असू द्या. माझ्या हातून पुढे जे झालं ते सगळं तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि मी मात्र पाठ भिंतीत लपवून बसलो होतो.

तयार झालेला प्रत्येक डिमर शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बला जोडून पाहायची तिथे रीत होती. एकदा तो बल्ब गेला आणि कुणीतरी त्याच्या जागी देवघरातला झिरोचा बल्ब लावला. झालं, जो डिमर जोडावा त्याच्यावर दिवा नाचायला लागला. बायका घाबरल्या. सगळा माल वाया गेला असं त्यांना वाटलं. हर्षदभाई हसले आणि म्हणाले की माल चांगला आहे, पण याला वजन लागतं. छोट्या बल्बचं वजन याला जाणवतच नाही, मग तो चाचपडतो. वनमालाने ते ऐकलं आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागली.

मी परीक्षेत पास झालो आणि रंगावर नापास झालो. पांढरी बटणं संपली होती, म्हणून मला दुसऱ्या मालातलं तपकिरी बटण बसलं. असलं सोंग कोण विकत घेणार? मला टाकाऊ मालाच्या टोपलीत टाकलं. संध्याकाळी सुटताना वनमालाने भीत भीत मला मागून घेतलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. तिला माझ्याकडून काय हवं होतं, ते मला घरी गेल्यावर कळलं.

वनमालाचे यजमान राजारामभाऊ. मालवणकडच्या एका गावातून अठराव्या वर्षी ते मुंबईला आले आणि गिरणीत साचाखात्यात लागले. साचे म्हणजे कापड विणणारे माग. शेकडो साचे एकदम चालू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची. गिरणी बंद पडली तोवर भाऊंच्या नोकरीबरोबर त्यांचे कानही गेले होते. ओठ वाचायची विद्या तेवढी उरली. तोंडावर उजेड असला की ते सगळं ऐकत आणि अंधार झाला की खरोखरचे बहिरे होत. दुसऱ्यांना पाहायला उजेड लागतो, भाऊंना ऐकायला लागायचा.

पण पाठमोऱ्या माणसाला हाक कशी मारायची? भाऊ बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पेपर वाचत बसलेले आणि वनमाला आत ओट्याशी. हातातलं टाकून दर वेळी बाहेर जाऊन खांद्याला हात लावायचा, तर तोवर आत भात लागायचा. मग ती लसणाच्या पाकळ्या फेकून मारायची. तिचा नेम चांगला होता, पण शेजारची चंपा सांगायची की त्या घरात झाडू मारला की आठवड्याच्या फोडणीची सोय होते.

यावर इलाज म्हणून तिने मला योजलं होतं. दशरथ नावाच्या तरुण वायरमनला बोलावून तिने मला स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीत बसवायला सांगितलं. माझी तार मात्र जायची बाहेरच्या खोलीत, भाऊंच्या खुर्चीवरच्या शंभराच्या बल्बला. दशरथ चक्रावला. दिवा बाहेर आणि बटण आत, असलं उफराटं काम त्याने कधी केलं नव्हतं. उद्या लोक मला हसतील, असं तो म्हणाला. वनमालाने त्याला चहा दिला आणि बटण आतच बसवून घेतलं.

त्या दिवसापासून मी त्या घराचा आवाज झालो. दिवा एकदा मंद होऊन पुन्हा मोठा झाला की चहा नाहीतर जेवण. दोनदा झाला की दाराशी कुणीतरी आलंय. तीनदा झाला की हातातलं टाकून या. भाऊ पेपरातून मान वर करत, हसत आणि म्हणत, "इलंय गो." म्हणजे आलो गं. ते उठून येईपर्यंत वनमालाचं बोट माझ्या बटणावर असायचं. घरात कुणी ओरडत नव्हतं आणि भांडं आपटत नव्हतं. चंपा मजलाभर सांगत फिरायची की वनमालाचा नवरा दिव्यावर चालतो. मला त्याचा फार गर्व वाटायचा.

तीनदाची हाक तीस वर्षांत एकदाच लागली होती. त्यांचा मुलगा सर्वेश तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याने नाकात चिंचोका घातला आणि तो वर सरकला. वनमालाने एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हाताने मला गरगर तीनदा फिरवलं. भाऊ पेपर हातात घेऊनच धावत आले आणि तसाच पेपर हातात धरून पोराला दवाखान्यात घेऊन गेले. चिंचोका निघाला. त्यानंतर कितीतरी वर्षं तो देवघरातल्या वाटीत ठेवलेला होता.

त्या पिवळ्या बल्बबद्दल एक सांगायला हवं. मी वीज मंद करतो म्हणजे तिचे तुकडे करतो, एका सेकंदात शंभर वेळा अडवतो आणि सोडतो. मोठ्या गुणाचं काम नाही ते. पण पिवळ्या बल्बची तार लालबुंद तापलेली असायची. मध्ये क्षणभर वीज नसली तरी ती निवायची नाही. माझं सगळं अडखळणं तो बल्ब पोटात घालायचा, आणि लोक म्हणायचे डिमर किती छान चालतो. मीही ते खरं मानून बसलो होतो.

सर्वेश मोठा झाला, अंधेरीच्या एका कंपनीत लागला आणि मानसीशी लग्न झाल्यावर दहिसरला राहायला गेला. मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. दर रविवारी दोघं यायची, येताना फळं आणायची. भाऊंसाठी त्याने कानाचं मशीन आणलं. ते कानात शिटी मारतं म्हणून भाऊंनी डबीत घालून ठेवलं. थरथरणारा मोबाइल आणला, तो कपाटात थरथरत राहिला. मग जुने पिवळे बल्ब दुकानात मिळेनासे झाले, आणि एका रविवारी सर्वेशने स्टुलावर चढून शंभराचा बल्ब काढला आणि नऊ वॅटचा पांढरा एलईडी लावला. घर लख्ख झालं. वनमालाला कौतुक वाटलं. मला मात्र त्याच क्षणी कळलं की माझ्या पायाखालची जमीन गेली.

मला चालायला निदान साठ वॅटचं वजन लागतं आणि समोर होतं नऊचं. मी वीज सोडायला जावं तर ती मधेच सुटावी, धरायला जावं तर निसटावी. माझ्या पोटातून मधमाशीसारखी गुणगुण यायला लागली. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. एलईडीचा स्वभाव असा की तो काही लपवत नाही. माझ्या हातून जेवढी चूक होईल तेवढी तो खोलीभर दाखवायचा.

आणि दर लुकलुकण्याला भाऊ उठत. "इलंय गो," म्हणत गुडघ्यांवर हात टेकून उठायचे, स्वयंपाकघरात यायचे. वनमाला सांगायची, मी नाही बोलावलं. ते परत जायचे. पाच मिनिटांनी पुन्हा दिवा हलायचा. सोसायटीचा पाण्याचा पंप संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला की माझा तर अगदीच ताल जायचा, आणि त्या अर्ध्या तासात भाऊ दहा-बारा खेपा घालायचे. त्यांना वाटायचं आपली नजर फिरली. तिला वाटायचं आपला नवरा भ्रमिष्ट झाला. दोघंही एकमेकांपासून ही भीती लपवत होती. दोघांच्या मध्ये भिंतीत बसून मी ते बघत होतो.

पहिला एलईडी पंधरा दिवसांत जळला. सर्वेशने दुसऱ्या कंपनीचा आणला. तोही नाचला. मग त्याने होल्डर बदलला. तिसरा बल्ब आणला, तोही गेला. मानसीने खोक्यावरचं वाचून सांगितलं की डिमरवर चालणारे एलईडी वेगळे येतात, साधे लावले की जळतात. तिचं म्हणणं खरं होतं. सर्वेशने तसा खास बल्ब मागवला. तो जळला नाही, पण त्याचंही वजन नऊच वॅट, त्यामुळे नाचायचा तो नाचलाच. मग आणखी एक, मग आणखी एक. सहा बल्ब झाले. सहाही बल्बांना फालतू म्हणून शिव्या बसल्या. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण मी जुना, घरचा आणि तीस वर्षं कधी न बिघडलेला. एका बल्बसाठी वायरमन कशाला बोलवायचा, असं सर्वेश म्हणायचा. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की अरे, चार स्क्रू काढा आणि माझ्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. पण मला फक्त गुणगुणता येत होतं, आणि ज्या घरात मी गुणगुणत होतो तिथला कर्ता माणूस बहिरा होता.

सर्वेश एकदा म्हणाला की हा डिमरच काढून साधं बटण लावून टाकू. त्याने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण वनमालाने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, त्याला काढलंस तर मी ह्यांना बोलावू कशी? जिने घडवलं तिनेच मला वाचवलं. आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

मित्रांनो, त्या घरात एका माणसाला उत्तर माहीत होतं. एका रविवारी सगळी बाहेरच्या खोलीत दिव्याखाली जेवायला बसली होती. दिवा नेहमीसारखा फडफडत होता. वनमाला वर बघता बघता थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुनं आठवल्यासारखं झालं.

"सर्वेश, आमच्या मरोळच्या कारखान्यात झिरोचा बल्ब लावला की दिवा असाच नाचायचा," ती म्हणाली. "हर्षदभाई म्हणायचे, ह्याला वजन लागतं."

सर्वेश मोबाइलवर सहाव्या बल्बची तक्रार लिहीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "हां आई, बघतो." भाऊंना तिचे ओठ हललेले दिसले, पण नाचत्या उजेडात त्यांना ते वाचता आले नाहीत. काय म्हणाली, असं त्यांनी मुलाला विचारलं. सर्वेशने हात हलवला आणि म्हणाला, "काही नाही बाबा." ऐकू न येणाऱ्या माणसाला जगात सगळ्यात जास्त वेळा हेच उत्तर मिळतं. वनमालाने पुन्हा सांगितलं नाही. आपण कारखान्यात तारांना डाग देणारी बाई, मुलगा शिकलेला, त्याला जास्त कळत असेल, असं तिला वाटलं असावं. तिने भाऊंच्या पानात आमटी वाढली आणि विषय संपला.

शेवटी तिने स्वतःच एक उपाय काढला. भाऊंचे गुडघे आता फार दुखत होते. एका संध्याकाळी ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली, ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "उद्यापासून दिवा हलला तरी उठू नका. काम असलं तर मी येईन बाहेर."

"आणि दिवो तीनदा झालो तर?" भाऊंनी विचारलं.

ती हसली. "तीनदा व्हायला आता घरात ल्हान कोण आहे?"

भाऊंनी ऐकलं. पहिले काही दिवस दिवा हलला की त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर जायचे आणि मग परत मांडीवर यायचे. पुढे तेही थांबलं. दिवा नाचायचा आणि ते पेपर वाचायचे. मी तीस वर्षं कमावलेला शब्द असा गेला. माझ्या हाकेला त्या घरात किंमत उरली नाही, आणि मला खरंच वाटलं होतं की याहून वाईट काही होणार नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. वनमालाने चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं आणि एकदम ओट्याला धरून उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम आला. तिने छातीवर हात दाबला. तिच्या तोंडून "अहो" असं आलं, पण ते भाऊंपर्यंत पोचणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. शेजारी चंपाच्या घरात टीव्ही मोठ्याने लागलेला होता. बाहेरच्या खोलीपर्यंत सहा पावलं होती. ती तेवढी चालू शकत नव्हती. मी एका हाताच्या अंतरावर होतो.

तिने भिंतीला टेकून हात वर केला. तिची बोटं माझ्या बटणावर आली. ती बोटं मी जन्मल्यापासून ओळखतो. तिने मला खाली फिरवलं आणि वर केलं. एकदा. पुन्हा खाली, पुन्हा वर. दोनदा. मग तिसऱ्यांदा खाली.

नेमका तेव्हाच पंप सुरू झाला होता. दिवा आधीच फडफडत होता. तरीही सांगतो, मी माझ्याकडून जीव तोडून ती हाक दिली. भाऊंनी पहिल्या वेळी मान वर केली. दुसऱ्या वेळी चष्मा काढला. माझी आशा वाढली. तिसऱ्या वेळी दिवा मंद झाला आणि मंदच राहिला, कारण मला वर फिरवायला वनमालाच्या बोटांत काही उरलं नव्हतं. ती भिंतीला धरून खाली बसली आणि मग कलंडली. बाहेर भाऊंनी दिव्याकडे बघून मान हलवली, पंपाच्या दिशेने हात झटकला, खुर्ची उचलली आणि उरलेल्या उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसले. स्वयंपाकघराकडे त्यांची पाठ झाली.

त्यांनी पेपर पूर्ण वाचला. मला ती प्रत्येक पानाची सळसळ ऐकू येत होती. आत चहा उकळून आटला, पातेलं करपायला लागलं. बाहेर अंधार पडला, अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा ते वळले. दिवा अजून मंदच होता. पंप तर कधीच थांबला होता. करपल्याचा वास आला आणि ते उठून आत आले.

आधी त्यांना ती दिसली. मग त्यांची नजर वर माझ्याकडे गेली. माझं बटण तळाला टेकलेलं होतं. बल्ब कितीही नाचला तरी बटण आपलं आपण फिरत नाही, हे समजायला शिकलेलं असावं लागत नाही. त्यांनी हात लांब करून मला वर फिरवलं. बाहेरचा दिवा मोठा झाला, त्याचा उजेड दारातून आत आला, आणि त्या उजेडात त्यांनी खाली वाकून तिचे ओठ पाहिले. ते हलत नव्हते. मग भाऊ जे ओरडले तो आवाज त्यांनी स्वतः ऐकला नाही. सगळ्या मजल्याने ऐकला.

चंपा धावत आली, माणसं जमली, रुग्णवाहिका आली. वनमाला घरी परत आली ती पांढऱ्या चादरीत. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले होते. सर्वेशने ते मानसीला स्वयंपाकघरात, माझ्यासमोर सांगितलं. सांगताना त्याने बाबांकडे पाठ केली होती. त्या घरात गुपित बोलायला पाठ फिरवली की पुरत असे. भाऊ दारात उभे राहून मुलाची पाठ बघत होते. त्यांना ओठ वाचायची गरज नव्हती. काय झालं ते त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.

ती पडली त्या जागी दक्षिणेकडे वात करून तेलाचा दिवा ठेवला होता. दहा दिवस तो तेवला, एकदाही फडफडला नाही. भाऊ त्याच्यात तेल घालत रात्रंदिवस तिथेच बसून होते. वर मी होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

तेराव्याला माणसं येणार, तेव्हा दिवा नीट असावा, म्हणून बाराव्या दिवशी सर्वेशने वायरमन बोलावला. तो दशरथच होता, आता केस पिकलेला. त्याने वनमालाच्या फोटोला नमस्कार केला, बाहेर दिवा नाचताना पाहिला आणि सरळ माझ्याकडे आला. मेन स्विच बंद करून त्याने माझे चार स्क्रू काढले. तीस वर्षांनी माझ्या पाठीला उजेड लागला. वनमालाच्या हातची चिठ्ठी अजून तिथेच होती. तो उजेड मला नको होता.

किती बल्ब बदललेत, असं दशरथने विचारलं. सर्वेश म्हणाला, सहा.

"आणि ह्याला एकदा तरी उघडून बघितलंत?" दशरथ चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला. "ह्याला कमीत कमी साठ वॅटचं वजन पाहिजे. तुमचा बल्ब नऊचा. सोन्याचा आणला असता तरी नाचलाच असता."

त्याने पिशवीतून एक जुना शंभराचा पिवळा बल्ब काढून लावला आणि मेन स्विच चालू करून दाखवला. दिवा स्थिर झाला. मी गुणगुणायचा थांबलो. एलईडीसाठी वेगळे डिमर मिळतात, पाच मिनिटांचं काम होतं, तो म्हणाला. फोन केला असता तर केव्हाच येऊन गेलो असतो.

सर्वेश ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसला. "आई सांगत होती," तो म्हणाला. "जेवताना सांगत होती, ह्याला वजन लागतं म्हणून. मी म्हटलं, बघतो." मानसी त्याच्याजवळ बसली.

भाऊ दारात उभे होते. पिवळा उजेड दशरथच्या आणि सर्वेशच्या तोंडावर स्वच्छ पडला होता, आणि किती महिन्यांनी त्यांना त्या घरातलं सगळं बोलणं ऐकू आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "म्हणजे चूक ह्याची?"

दशरथने मान हलवली. "ह्याची पण नाही, भाऊ. दोघं चांगलेच होते. जोडी जमत नव्हती."

तो भला माणूस आहे, म्हणून असं म्हणाला. मला ते पटलेलं नाही. नवीन डिमर बसवू का, असंही त्याने विचारलं. सर्वेश म्हणाला, नको, साधं बटण लावा. आता हाक मारायला घरात कोण आहे?

साधं बटण लागलं. मला कचऱ्याच्या पिशवीत टाकायला सर्वेशने उचललं. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात कुठेतरी गाडला गेलो असतो आणि ते बरं झालं असतं. पण भाऊंनी हात पुढे केला. सर्वेशने मला त्या हातावर ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याने तुम्हाला उपदेश करावा असं माझं तोंड नाही. तरी एवढं ऐका. घरातला दिवा लुकलुकायला लागला तर नुसते बल्ब बदलत बसू नका. स्वतः हात लावू नका, जाणत्या माणसाला बोलवा आणि दिव्यामागे काय आहे ते त्याला उघडून बघायला सांगा. जेवताना आई काही सांगत असेल तर हातातलं खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघा. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने काय म्हणाली असं विचारलं, तर काही नाही म्हणू नका. शंभर हाका खोट्या निघाल्या असल्या, तरी एकशे एकाव्या हाकेला उठा. गुडघे दुखले तर दुखू द्या.

घाटकोपरच्या त्या घरात आता एलईडी शांत जळतो. त्याची पापणी लवत नाही. सर्वेश बाबांना दहिसरला चला म्हणून दर रविवारी विनवतो, ते नाही म्हणतात. त्यांनी आपली खुर्ची फिरवून घेतली आहे. खिडकीकडे पाठ आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ते बसतात. साडेसहाला पंप सुरू होतो. तेव्हा ते खिडकीतून मला उचलून हातात घेतात आणि माझं बटण खाली-वर फिरवतात. एकदा. दोनदा. तीनदा. माझ्या तारा कुठेच जोडलेल्या नाहीत, त्यामुळे काही मंद होत नाही. तरीही ते मला खाली ठेवतात, गुडघ्यांवर हात टेकून उठतात, सहा पावलं चालून आत जातात आणि ओट्याजवळच्या त्या भिंतीला सांगतात, "इलंय गो."